कोरडी पायरी

बसरा

प्रिय रबाब,

अक्षर माझंच आहे, वेडंवाकडं. खाटेवर पडून चार वर्षं झाली, हात तेवढे धड राहिलेत. यंदा खजूर भरपूर आला. तुझी आई रोज माझी कूस बदलते आणि रोज माझ्यावर खेकसते, म्हणजे घरचं सगळं ठीक आहे.

मी पडलो त्याच वर्षी तू लग्न करून अमाराला गेलीस, ती पुन्हा इकडे फिरकली नाहीस. का, ते मला ठाऊक आहे. मी ट्रक घेऊन बगदादला निघालो होतो. बाप सुखरूप परत यावा म्हणून तू रीतीप्रमाणे माझ्यामागे तांब्याभर पाणी ओतलंस. मी ट्रकच्या पायरीवरून पडलो तेव्हा आईने साऱ्या गल्लीसमोर टाहो फोडला, "कार्टे, पायरी भिजवलीस, बापाला मारलंस." तू तांब्या धरून नुसती उभी होतीस. मी शुद्धीवर होतो गं. ऐकत होतो.

पोरी, पायरी कोरडी होती. तुझं पाणी पार मागच्या चाकाशी सांडलं होतं. माझ्या पायात झिजलेल्या चपला होत्या आणि एका हातात चहाचा पेला. ट्रकमध्ये चढताना दोन्ही हात दांड्याला हवेत, हे नव्या ड्रायव्हरांना मी तीस वर्षं शिव्या घालून शिकवलं. पाय सटकला तेव्हाही मेला तो पेलाच सांभाळत बसलो. युद्धातून दोनदा गाडी बाहेर काढलेला माणूस मी, आणि स्वतःच्या दारात, कमरेएवढ्या उंचीवरून पडून मोडलो. लाज वाटली मला. दवाखान्यात लोक यायचे, "पाण्यामुळेच झालं हो," म्हणायचे, आणि मी मान डोलवायचो.

काल मुहन्नदचा फोन आला. तुझा नवरा रडत होता बिचारा. म्हणाला, "काका, बाळ महिन्याचं झालं, पण रबाब तिला उचलतच नाही. मी धरलं तरच पाजते. म्हणते, माझे हात वाईट आहेत, हिलाही पाडतील." मी फोन ठेवला आणि तुझ्या आईला खरं काय ते सांगितलं. अंगणात जाऊन बसली ती संध्याकाळपर्यंत आत आली नाही. आता उद्याच्या पहिल्या गाडीने तुझ्याकडे येतेय. हे पत्र तिच्याच हाती देतोय, फोनवर माझ्याने बोलवलं नसतं. तिच्यावर हवं तेवढं ओरड. मला माफ करू नकोस. फक्त हा कागद खाली ठेव आणि लेकीला उचलून घे.

तुझाच,
बाबा