पुट्टूचं पोट

२८ जून
पुट्टूने सकाळी दहीभात हुंगला आणि तोंड फिरवलं. संध्याकाळी तोच भात ताटलीसकट चाटला. हे म्हणाले, "ऊन बाधलं असेल." सारखी झोपते. मी स्वयंपाकघरात गेले की पायात येते. ही पायात येणारी कुत्री नव्हे — एवढीशी असली तरी ताठा मोठा!

२ जुलै
अंघोळ घालताना पाहिलं. आचळं गुलाबी झालीत, फुगलीत. मागच्या घरातल्या सरोजाचा पांढरा कुत्रा कुंपणाखालून आत यायचा, ते आठवलं. बाईसाहेबांना दिवस गेलेत!

आधी हसू आलं, मग अखिला आठवली. पुट्टू तिचीच. चेन्नईच्या नव्या फ्लॅटमध्ये कुत्री चालत नाही म्हणून आमच्याकडे आहे. माझ्या पोरीला दोनदा गर्भ राहिला आणि दोन्ही वेळा गेला. तेव्हापासून ती कुणाच्या वळैकाप्पूला जात नाही. गरोदर बाईला बांगड्या भरायच्या आणि सगळ्यांच्या नजरा आपल्यावर! तिला हे कोणत्या तोंडाने सांगू?

ह्यांना बजावलं — आपल्यात पाचवा लागेपर्यंत बातमी फोडत नाहीत, पुट्टूचीही फोडायची नाही. तोवर अखिलाचं मन तयार करीन.

७ जुलै
अखिलाचा व्हिडिओ कॉल. "अम्मा, पुट्टूला दाखव की." नुसतं तोंड दाखवलं. "तोंड नको, अख्खी दाखव. जाड झाली का बघू." फोन हातातून पाडला. मुद्दाम.

१२ जुलै
डॉक्टर कमलाक्षींनी स्कॅन केला. तीन पिल्लं! मी विचारलं, पाचवा महिना कधी लागेल? डॉक्टरीणबाईंना खुर्ची धरून हसावं लागलं. "अम्मा, कुत्रीचं नऊ आठवड्यांत आटोपतं. हिचे सहा होत आले. आडिपेरुक्कूच्या सुमारास, ऑगस्ट लागता लागता होईल." मग गंभीर झाल्या. छोट्या जातीत पिल्लू अडू शकतं. अंगाची ऊब रोज मोजा, ती उतरली की वेळ जवळ आली समजा.

आडिपेरुक्कूला अखिला दरवर्षी येते, कावेरीची पूजा करायला. म्हणजे नेमकी तेव्हाच.

२० जुलै
आजही सांगितलं नाही.

१ ऑगस्ट
ह्यांची नेसायची धुतलेली वेष्टी पुट्टूने कपाटातून ओढली, उकरून उकरून तिची गादी केली. हे ओरडले नाहीत. दुसरी वेष्टीही दिली! ऊब उतरलीय. उद्या सकाळी अखिला येणार. फोन तीनदा उचलला, तीनदा ठेवला.

२ ऑगस्ट
अखिला दारात आली तेव्हा पुट्टू कळा देत होती. खांद्यावरची बॅग तशीच. मला वाटलं, आता पोर मागे फिरणार. ती खाली बसली.

दोन पिल्लं सहज झाली. तिसरं अडलं. डॉक्टर फोनवरून सांगत होत्या, अखिला करत होती. ते बाहेर आलं ते निपचित. तिने टॉवेलमध्ये घेऊन चोळलं, चोळतच राहिली. माझं तर देवाचं नाव घेणंही थांबलं होतं. मग बारीकसा आवाज आला, आणि आम्ही दोघी रडलो.

हात धुताना तिने विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"महिना झाला. तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मैत्रिणी लपवतात, वहिनी लपवते. आता घरच्या कुत्रीचंही लपवायचं, अम्मा? मी इतकी वाईट आहे का?"

जेवायला वाढलं. ती जेवली आणि परत पिल्लांपाशी जाऊन बसली.

३ ऑगस्ट
नदीवरून परतताना रिक्षात अखिलाने माझा हात धरला. म्हणाली, "मीही लपवलंय. तुला आणि अप्पांना चालेल का, हेच कळत नव्हतं." मग फोनवर फोटो दाखवला. एक वर्षाची मुलगी, समोरचे दोनच दात. दत्तक मिळालीय. पुढच्या महिन्यात घरी येणार.

फोटोच बघत बसले. तिचं नाव विचारायचंच राहिलं.