वत्सलाबाईंचे निरोप

५ मार्च
वजन घटवणाऱ्या मेसेजच्या चाचणीचे शेवटचे दोन आठवडे. पिंपळगावच्या द्राक्ष पॅकिंगमधल्या बायका, प्रत्येकीला घरी वजनकाटा, मोबाइलवर रोज मेसेज. आकडा आपोआप माझ्या स्क्रीनवर. सात वाजताचा ‘ताई, आज किती चाललात?’ हा मीच लिहिलेला, सहा महिन्यांपूर्वी एका दुपारी, बाकीच्या सगळ्या मेसेजांबरोबर. पाठवतं मशीन.
उत्तराची गरज नाही, असं खाली छापलंय. वत्सलाबाई तरी रोज बोलून पाठवतात. आज: “दोन फेऱ्या मारल्या शेडभोवती. गुडघा लय दुखतोय. तुम्ही जेवल्या का, ताई?”
नाही जेवले. सांगू कुणाला.

८ मार्च
सर पुण्याहून चाचणी बघतात. त्यांना विचारलं, व.बाईंना एकदा उत्तर दिलं तर? नाही म्हणाले. एकीशी माणूस बोललं तर मशीनचा परिणाम मोजणार कसा. बरोबर आहे. मीही विद्यार्थ्यांना हेच शिकवते.
नोकरीच्या पहिल्या वर्षी काटा पिशवीत घालून घरोघर जायचे. चुलीपुढे बसून काय काय खाल्लं ते लिहायचं. यादी अर्धी, गप्पा दुप्पट. त्यातून धड एक शोधनिबंध निघाला नाही. पण ती घरं अजून...

१२ मार्च
व.बाई दोन किलो वर. सीझनची घाई, उभ्याउभ्या वडापाव. आवाज उतरलेला. “मुलगी म्हणती, या वयात कुणाला दाखवायचंय तुला. तुम्ही तेवढ्या रोज इचारता.”
तीनदा ऐकलं. कामापुरतं एकदा पुरे होतं.

१९ मार्च
अखेरची वजनं, शेडवर माझ्यासमोर घ्यायची. सगळ्या आल्या, व.बाई नाहीत. घर विचारत गेले. भाकरीचं पीठ मळत होत्या. वजन वाढलं म्हणून यायची लाज वाटली म्हणे. मग म्हणाल्या, “मेसेजवाल्या ताईंनी पाठवलं का तुम्हाला?”
हो म्हणता आलं असतं. खरं सांगितलं. मेसेज मशीन पाठवतं, लिहिले मी, कधीच लिहून ठेवलेले.
“म्हंजी ऐकणारं कुणी नव्हतं?”
“मी ऐकत होते. सगळं.”
त्यांनी परात बाजूला सारली.
“मंग बोलल्या का नाय?”
उत्तर होतं. चाचणीचा नियम. तोंडातून निघालं नाही. त्यांनी हात धुतले, काट्यावर उभ्या राहिल्या. स्वतःला बिनसाखरेचा चहा केला, मला साखर घालून दिला.

२३ मार्च
मेसेज बंद झाले. सरांचा फोन, खूश होते. निकाल चांगले येतायत. बंगळूरच्या एका कंपनीला आमचे मेसेज हवेत, आणि लिहिणारी म्हणून मीही. घरोघर फिरायला लागल्यापासून ज्याची वाट पाहिली ते हेच. आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही.
सात वाजता स्क्रीन उघडून बसले. सवय. आज त्या चालल्या असतील का? गुडघा?
नंबर रेकॉर्डमध्ये आहे, पण त्यांनी तो चाचणीसाठी दिलेला. त्यावर आपल्या मनाने फोन करणं पटत नाही.

२९ मार्च
सरांना कळवलं, व.बाईंना भेटायचंय. चाचणी संपली, हरकत नाही म्हणाले. रविवारी काटा न घेता गेले. दाराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, सीझन उरकला, मनमाडला मुलीकडे गेल्या. कधी येतील? “नाय सांगितलं.”
वहीचा कागद फाडून चिठ्ठी लिहिली. ‘त्या दिवशी उत्तर दिलं नाही. आता बोलायचंय. मलाही विचारणारं कुणी नाही.’ शेवटचं वाक्य खोडावंसं वाटलं, खोडलं नाही. खाली माझा नंबर आणि नाव. नावाआधीचं ‘डॉ.’ मात्र खोडलं. दाराखालून आत सारली, शेजारच्या बाईंकडेही नंबर ठेवला.

२ एप्रिल
बंगळूरहून दुसऱ्यांदा विचारणा. दोन दिवस द्या म्हटलं.
संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन. उचलला, पलीकडे गाडीची शिट्टी, स्टेशनचा गलबला, कुणाचा तरी श्वास. मी म्हटलं, “वत्सलाबाई?” फोन कट झाला.
उलटा फोन लावलाय. वाजतोय.