पहिली पपई मी काहून खाल्ली नाही

अहो,

चंद्रभानदादा न्यायले आला, म्हून दुपारच्या एस्टीनं मायकडे अकोटले चालली. बुधवारी येईन. भाकरी टोपल्यात झाकून हाय, बेसनाचं चून कढईत हाय. आज उपाशी राहू नका.

काल तुमी अंगणातली पहिली पपई कापली, साऱ्या आळीत फोडी वाटल्या अन् सगळ्यात गोड फोड मले देली. मी हात मागं घेतला, तं तुमचं तोंडच उतरलं. सकाळी तसेच कापसाच्या जिनावर कामाले गेले. तुमाले वाटलं, त्या पपईसाठी माहा मोगरा उपटला, त्याचा राग मी अजून धरून हाय.

राग हायेच. पण फोड त्याच्यापायी सोडली नाही.

पोटुशी बाई पपई खात नाही, एवढं तं तुमाले ठाऊक असन. मागच्या खेपेसारखं होऊ नये म्हून मायनं बजावलं होतं, तीन महिने भरल्याबिगर कोणाले सांगू नोको. ते परवा भरतात. पण तुमचं तोंड पाहून मले दोन दिवसही धीर निघाला नाही.

आता हासा अन् पोटभर जेवा. ताटलीत बिया ठेवल्या हायेत, त्या राखेत घोळून वाळवा अन् भिंतीकडे लावा. वर्षभरात फळ धरते. लेकराच्या उष्टावणाले आपल्याच अंगणातली पपई होईन.

त्या जुन्या पपईच्या बाजूले मोगऱ्याले मात्र जागा सोडा. बुधवारी आमी दोघं येऊ, तवा तिथं मोगरा लावलेला दिसला पाहिजे.

पंचफुला