तार पाठव मनाव

मी, खुशाल भिवाजी नगराळे, वय वर्षे साठ, धर्माने बौद्ध, मंचेरियलच्या एका लाकूड डेपोतून निवृत्त झालेला कारकून, राहणार बेला, जिल्हा आदिलाबाद, आंध्र प्रदेश, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी पाजलेलं नाही. धाक आहे तो बुधवारचा. त्या दिवशी नागपूरला माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. ते सगळ्यांनाच तसं म्हणतात, म्हणून मी घाबरलो आहे.

कलम १. राहतं घर पत्नी द्वारकाबाई हिच्या नावे. ती आहे तोवर तिला कोणी ‘इकडे चल, तिकडे चल’ करू नये. परसातला भोपळ्याचा वेल माझ्या वडिलांच्या बियाण्याचा आहे, तो उपटू नये. दरवर्षी बी धरावं. विसरू नये.

कलम २. जैनथ शिवारातली जमीन मुलगा माणिक याला. पट्टा पासबुकात आडनाव ‘नागराळे’ पडलं आहे. तहसीलमध्ये तीनदा अर्ज दिला, अजून ‘ना’चा काना निघालेला नाही. माणिकनं हे माझ्या माघारी टाळू नये, नाहीतर जमीन कोण्या नागराळेची होऊन बसेल.

कलम ३. बँकेतली ठेव द्वारकाबाई आणि मुलगी यशोधरा यांनी निम्मी निम्मी घ्यावी. यावर चर्चा नको.

कलम ४. वडिलांची एकतारी.

माझे वडील भिवाजी एकताऱ्या करीत. भोपळा वाळवायचा, कापायचा, त्यावर बकरीचं चामडं ताणायचं, बांबूची दांडी बसवायची आणि सगळ्यात शेवटी तार. कापण्याआधी ते भोपळा कानाशी धरून टिचकी मारत आणि नाद ऐकत. पसंत पडला नाही तर आई मनकर्णा त्याचं पाण्याचं भांडं करी. आमच्या घरात अशी नापास भांडी पुष्कळ होती.

मी कारकून झालो आणि फार शहाणा झालो. दीक्षेनंतर आपण मेलेली ढोरं ओढणं सोडलं, मग ही भीक मागायची वाद्यं काऊन करता, असं मी त्यांना चारचौघांत विचारलं. ते म्हणाले, “मंग भीमाचं गाणं कायवर मनू?” यावर मी रागावलो आणि दोन वर्षं गावी फिरकलो नाही.

१९६७ साली आमच्या वस्तीतला दौलत मंचेरियलला मेव्हण्याकडे आला, तेव्हा त्यानं वडिलांचा निरोप सांगितला: “तार पाठव मनाव.” मी त्याच दिवशी पोस्टात जाऊन तार केली. मजेत आहे, काळजी नको, पत्र मागाहून. पत्र आज लिहू, उद्या लिहू, असं करत राहिलो. अठराव्या दिवशी मलाच तार आली. ते गेले होते.

घरी पोचलो तर खुंटीला शेवटची एकतारी टांगलेली. सगळं तयार, फक्त तार नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी एकतारीची तार मागितली होती आणि मी त्यांना कागद पाठवला.

ती एकतारी यशोधराला. अट एकच, तिला तार चढवू नये. जी मी दिली नाही ती दुसऱ्या कोणी देऊ नये. उंदरांपासून जपावी, चुलीजवळ ठेवू नये, पावसाळ्यात चामडं चाचपून पाहावं. यशोधरा म्हणते, बाबा, मग फोटोत आणि हिच्यात फरक काय? तिनं असं बोलू नये.

कलम ५. दौलत चंपत पाझारे यानं ‘एकतारीची’ हा एक शब्द रस्त्यात सांडला. एकतीस वर्षं मी त्याच्या घरचा चहा घेतलेला नाही. साक्षीला मात्र त्यालाच बोलावलं आहे, कारण वडिलांची हत्यारं ओळखणारा तो एकच उरला आहे आणि हे कलम त्यानं ऐकावं अशी माझी इच्छा आहे.

कलम ६. वडिलांच्या हत्यारांची पेटी. इथवरचा मजकूर काल लिहिला. आज रविवारी यादी करायला दौलतसमोर पेटी उघडली. इतकी वर्षं मला तेवढी हिंमत झाली नव्हती. वाकस एक, पटाश्या तीन, कानस एक. तळाशी पोलादी तारेचं वेटोळं, तेल लावलेलं, टोकही न कापलेलं. त्याभोवती एक कागद गुंडाळलेला, घड्यांवर विरलेला. मी केलेली तार.

दौलत म्हणाला की हे वेटोळं भिवाजीनं त्याच्यासमोर आदिलाबादच्या बाजारात घेतलं होतं, तो निरोप घेऊन मंचेरियलला येण्याच्या कितीतरी आधी. चढवत काऊन नाही असं विचारलं, तर खुशाल येईल, त्याच्या हातानं चढवू, असं उत्तर मिळालं.

मग तो मला म्हणाला, “त्याले तार कायले पाहिजे व्हती? पोरगा पाहिजे व्हता. येत नाही त तार तरी पाठव मनाव, असं मनला तो.”

माझी तार आली तेव्हा कोणी मेलं असं समजून आईनं ऊर बडवला. शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवली तेव्हा तिचं रडं थांबलं. पुढे मरेपर्यंत वडील तो कागद खिशात घेऊन फिरले आणि वाचता न येणाऱ्यांनाही दाखवत राहिले. हे तू मला आधी का नाही सांगितलंस, असं मी दौलतला विचारलं. तो म्हणाला, तू बोलत व्हता का?

कलम ७. कलम ४ मधली अट आणि कलम ५ सबंध रद्द. बुधवारचा भरवसा नाही, म्हणून आज दुपारीच मी ती तार चढवली. दौलतनं दांडी धरली. खुंटी पिळताना तार तुटेल या भीतीनं माझा जीव अर्धा झाला. तुटली नाही. यशोधरानं छेडली आणि मला रडू आलं. दस्तऐवजात असं लिहीत नसतात, असं साक्षीला आलेले शेजारी पांडुरंगराव म्हणतात. मी लिहितो.

कलम ८. ‘पत्र मागाहून’ असं मी वडिलांना कळवलं होतं. या मृत्युपत्राची एक नक्कल त्या कागदाशेजारी पेटीत ठेवावी. पत्र पोचले असे समजावे.

ठिकाण: बेला. तारीख: १५ फेब्रुवारी १९९८.

लिहून देणार: खुशाल भिवाजी नगराळे (सही)

साक्षीदार १: पांडुरंगराव, शेजारी, शेतकरी (सही)

साक्षीदार २: दौलत चंपत पाझारे, डाव्या हाताचा अंगठा. सगळं वाचून ऐकल्यावर यानं अंगठ्याखाली एवढं लिहायला लावलं: निरोप बरोबरच व्हता.