भिंगांची उलटतपासणी

४ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा गुडघा कसा आहे? आई म्हणते, वकिली सुटली तरी तुम्ही घरात साक्षीदार तपासत बसता. आता मलाच तपासा. माझा इंजिनिअर पुढच्या महिन्यात दोन वर्षांसाठी जहाजावर जातो आहे आणि तो जाण्याआधी आम्ही लग्न करणार आहोत. दोन वर्षं थांबा, प्रेम टिकलं तर बघू, हे तुमचं म्हणणं मला साफ नामंजूर.

सोबत एक कविता पाठवते आहे. कॉलेजात मी मुलांना वाचायला लावते तशी वाचा, गोड म्हणून सोडून देऊ नका. तिच्यात चंद्र नाही, फुलं नाहीत. दूर राहणारे दोघं म्हणजे चष्म्याची दोन भिंगं, असं ती म्हणते: ‘मध्ये नाक आडवं, म्हणून काय आपल्याला दोन जगं दिसतात?’ उपमा मुद्दाम लांबून ओढून आणली आहे आणि ती पटेपर्यंत कविता वाद घालते. प्रेमाने असं डोकं लढवावं, हेच मला आवडतं.

आईला नमस्कार. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची मिरची


११ मार्च

चि. मिरचीस अनेक आशीर्वाद.

गुडघा कुरकुरतो आहे, मीही. कविता तीनदा वाचली, समासात शेरे मारून परत पाठवतो आहे. पहिल्या कडव्यात दावा आहे, पुरावा नाही. दुसऱ्यात तुझा इंजिनिअर अख्खा समुद्र नाकाएवढा करून टाकतो. इतकी अतिशयोक्ती कुठलाही न्यायाधीश ऐकून घेणार नाही. दोन भिंगांचे नंबर वेगळे असू शकतात, हे तर गडी विसरलाच.

पण खरा राग वेगळा आहे. एवढा वाद चालतो आणि समोरची बाई तोंडातून अक्षर काढत नाही. तो बोलतो, ती ऐकते, तो जिंकतो. मला आयुष्यभर एक वाक्य धड पुरं करू न देणारी माझी मुलगी दुसऱ्याच्या कवितेत गप्प बसलेली मला बघवत नाही. माझा नकार कायम.

भांडायला का होईना, पत्र टाकत जा.

तुझे बाबा


१७ मार्च

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

तीनदा वाचलीत आणि पान एकदाही उलटलं नाहीत! नंबरांचं तिसरं कडवं मागच्या बाजूला आहे. भिंगं वेगळी, म्हणूनच नजर एक. ऐकायला उलटं वाटतं, पण कवितेचा सगळा भार त्याच्यावरच आहे.

आता त्या गप्प बाईबद्दल. बाबा, गप्प आहे तो पुरुष. कविता मी लिहिली आहे. तोही तुमच्यासारखाच थांबू या, थांबू या म्हणत होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि ही वाचून दाखवली. तो दुसऱ्या दिवशी नोंदणीची तारीख घेऊन आला.

ती तारीख येत्या सोमवारची आहे. हे पत्र परवानगीसाठी नाही, ती मी मागणारही नाही. तुम्ही आला नाहीत तर सही करताना मला रडू येईल. आणि मी रडत रडत सही करीन.

आईला सांगा, साडी मी ठरवली आहे. लोभ आहेच, तो मला दिसू द्या.

तुमचीच,
मिरची