व्रण उघडण्याआधी

ती. बाबा,

नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं, खोलीत ऊनही येतं. आईचे गुडघे कसे आहेत?

आमच्या प्रयोगशाळेत सध्या वारंवार तोंड येणाऱ्यांचा अभ्यास चालू आहे. परवा एक आजोबा आले. गालाला आतून जीभ लावून म्हणाले, "इथे उद्या येणार बघा." जागा अगदी गुळगुळीत, गुलाबी. डॉक्टरीणबाई घुटमळल्या, पण माझा लगेच विश्वास बसला. तुम्हीही असंच सांगायचात आणि आई म्हणायची, "झाली यांची नाटकं सुरू!"

त्याच जागेचा बाईंनी काढलेला कणभर तुकडा मी मेणात बसवला, कापला, रंगवला. भिंगातून पाहिलं तर वरचं अस्तर शाबूत आणि त्याच्याखाली पांढऱ्या पेशींची ही गर्दी! आईला सांगा, ते नाटक नव्हतं.

पण बाबा, तुमचं तोंड यायचं ते ठणकायचं, आठवड्याभरात भरायचं, मग दुसरीकडे उठायचं. दादा म्हणतो, आताचं महिनाभर एकाच जागी आहे. आणि फोनवर तुम्ही हसत म्हणालात, "अगं, या खेपेला दुखतसुद्धा नाही."

जेवणाचं वर लिहिलंय ते आईसाठी. तुमचं ते बोलणं ऐकल्यापासून घास घशाखाली उतरत नाही. अशा न दुखणाऱ्या व्रणांचे तुकडेही माझ्याच टेबलावर येतात, आणि त्यांतले काही कर्करोगाचे निघतात.

पत्र मिळताच दादाला घेऊन दवाखान्यात दाखवून या. दुखत नाही म्हणून थांबू नका. दुखत नाही, म्हणूनच जा.

तुमच्या फोनकडे कान लावून बसलेली,
धाकटी