भात्यावरचं नाव

लातूर, रविवार, दिवेलागणीची वेळ

आमच्या गल्लीतलं गाण्याचं सभागृह लोकांच्या देणगीवर चालतं. कुणी पंखा देतं, कुणी सतरंजी. मी गेल्या महिन्यात पेटी दिली. म्हणजे काय, पोरीला नवी घेतली आणि घरातली जुनी तिकडं ढकलली. भाता फाटलाय हे मला पक्कं माहीत होतं. तरी त्याच भात्याच्या फळीवर माझ्या वडिलांचं, आबांचं नाव रंगवून घेतलं, खाली ‘सप्रेम भेट’. वर शाल घ्यायलाही पुढं झालो.

आज रेणापूरच्या पारूबाई गायला आल्या. भाता मारला तर सूर निघेना, नुसती हवा. प्रत्येक हिसक्याला आबांचं नाव लोकांसमोर हलत होतं. पारूबाई हसून म्हणाल्या, “थकली हाय बिचारी. ऱ्हाऊ द्या, मी तशीच गाते.” आणि पेटी हळूच भिंतीकडं फिरवली, नाव दिसणार नाही अशी.

कुणासाठी फिरवली? आबांसाठी, का माझ्यासाठी? तासभर मान वर करवली नाही.

घरी येताना ठरवलं, पोरीची समजूत काढून उद्या नवी पेटी द्यायची. आणि लगेच मनात काय आलं? हिच्यावर नाव कुठं रंगवायचं.